सहलीआधीचे पुस्तक

(सुट्टीच्या तोंडावर हर्सूल येथे पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुट्टीच्या दिवसांत सकाळी सातच्या सुमारास हर्सूलच्या टी पॉइंटवर उभे राहून जळगावच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. मागच्या काचेतून मुलांची डोकी दिसतात. पुढे आईच्या मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो. चाकांतील हवा तपासलेली असते, पाण्याचे कॅन भरलेले असतात, घाटात मळमळेल म्हणून लिंबू, आवळासुपारी आणि दोन-चार रिकाम्या पिशव्याही आठवणीने घेतलेल्या असतात. हर्सूलचा तलाव मागे पडतो. सावंगी, चौका, फुलंब्री, सिल्लोड अशी गावे येतात आणि जातात. सुमारे शंभर किलोमीटर गेल्यावर फर्दापूरला गाडी लावायची आणि तेथून बसने अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी जायचे. सोमवारी लेणी बंद असतात, हेही चौकशी करून ठेवलेले असते. तयारीत काही कमी नसते.

पुढे काय घडते? १७ क्रमांकाच्या लेण्यात हे कुटुंब बाहेरच्या लख्ख उन्हातून येते. आत मंद प्रकाश असतो. चित्रांचे रंग टिकावेत म्हणून छायाचित्रणासाठी झगझगीत प्रकाश पाडण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मागे माणसांची रांग असते, पहारेकरी पुढे सरकायला सांगत असतो. नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, “इथे काय आहे?” वडील म्हणतात, “चित्रे आहेत. फार जुनी आहेत. जगप्रसिद्ध आहेत.” मुलगा मान वर करून पाहतो. त्याला पोपडे गेलेली भिंत दिसते, काही चेहरे दिसतात, एखादा हत्ती दिसतो. दहा मिनिटांनी तो थंडगार सरबत मागतो. शाळा उघडल्यावर बाईंनी विचारले, तर तो खरे तेच सांगतो: “खूप पायऱ्या होत्या.”

त्या मुलाचा दोष नाही. वडील काही खोटे बोलले असेही नाही. दोष आहे तो तयारीच्या यादीतील एका रिकाम्या जागेचा. ज्या भिंतीसमोर तो उभा होता, तिच्यावरील गोष्ट त्याला कोणी आधी सांगितली नव्हती.

अजिंठ्याच्या चित्रकारांची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात, येथील सर्वाधिक वैभवशाली लेणी घडली. त्या भिंतींवरील प्रसंग पुस्तकातील पानांसारखे एकापुढे एक येत नाहीत. राजवाड्यात घडलेले निरनिराळ्या वेळचे प्रसंग राजवाड्याच्या चित्राजवळ, अरण्यात घडलेले अरण्याजवळ, अशी मांडणी अनेक ठिकाणी आहे. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर चार-पाच वेळा दिसतो. अशी मांडणी कोणाला उमगेल? ज्याला गोष्ट आधीच ठाऊक आहे, त्याला. चित्रकाराने हे गृहीत धरले होते. त्याच्यासमोर येणारा व्यापारी, भिक्षू, गाडीवान या कथा ऐकूनच येत असे. भिंतीवर तो ओळखीच्या माणसांना भेटत असे. आजचा प्रेक्षक त्याच भिंतीसमोर परक्यासारखा उभा राहतो आणि मग ‘लहान मुलांना लेण्यांत काय कळणार’ असे म्हणून मोकळा होतो.

म्हणून सहलीच्या आधी पुस्तक निवडायचे, ते मुलाला माहिती व्हावी म्हणून निवडायचे नाही. लेण्यांची संख्या, खडकाचा प्रकार, नदीचे नाव ही माहिती तेथील फलकावर मिळतेच आणि परतताना विसरलीही जाते. निवडायची ती अशी गोष्ट, जी मुलाला वाटेवर पुन्हा भेटेल. ही कसोटी एकदा मनात धरली, की दुकानातील निम्मी पुस्तके आपोआप बाजूला पडतात.

अजिंठ्यासाठी अर्थातच जातककथा. पाली संग्रहात त्या ५४७ आहेत. मराठीत दुर्गाबाई भागवतांनी त्यांचा अनुवाद ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत करून ठेवला आहे. पण हे खंड मुलाच्या हाती द्यायचे नाहीत. ते पालकांनी ग्रंथालयातून आणून स्वतः वाचायचे आणि त्यांतील तीन गोष्टी वेचायच्या. तीनच. अधिक घेतल्या तर भिंतीवर शोधताना मुलाचा गोंधळ होतो.

पहिली, महाकपीची. गंगेकाठी आंब्याचे झाड, त्यावर वानरांचा कळप, फळांच्या लोभाने आलेला राजा आणि त्याचे धनुर्धारी. वानरराज वेताला स्वतःला बांधून घेतो. वेत थोडा आखूड पडतो, तेव्हा त्या उणीव राहिलेल्या अंतरात तो आपल्या देहाचाच पूल करतो आणि सारा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही ही गोष्ट कळते. १७ क्रमांकाच्या लेण्यात ती आहे. सांची आणि भारहूतच्या शिल्पांतही आहे. वेत आखूड का पडला, हे मात्र मुलांना विचारून पाहावे. कमरेला बांधण्यासाठी लागणारी लांबी मोजायचीच राहिली होती, हे उत्तर सापडले की त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा असतो.

दुसरी, श्याम जातकाची. ही गोष्ट मराठी घरात नवी नाही. अंध मातापित्यांची सेवा करणारा मुलगा पाणी आणायला नदीवर जातो, शिकारीला आलेल्या राजाचा बाण त्याला लागतो. मूल लगेच म्हणेल, हा तर श्रावणबाळ! तसे म्हणू द्यावे, कारण खरी गंमत पुढे आहे. रामायणातील तो मुनिकुमार मृत्यू पावतो, त्याचे आईवडील शोकाने प्राण सोडतात आणि दशरथाला शाप मिळतो. जातकातील श्याम मातापित्यांच्या सत्यवचनाच्या बळावर पुन्हा उठतो, त्यांची दृष्टीही परत येते. एकच गोष्ट या भूमीत दोन वाटांनी चालत आली आणि दोन निराळ्या मुक्कामांना पोहोचली. दहा वर्षांच्या मुलाशी यावर घटकाभर बोलता येते. त्याला कोणता शेवट खरा वाटतो, हे विचारावे आणि त्याचे उत्तर दुरुस्त करू नये. ही कथा १० आणि १७ या दोन्ही लेण्यांत चितारलेली आहे. दोहोंमध्ये काही शतकांचे अंतर आहे.

तिसरी गोष्ट निवडताना सावध राहावे लागते. १७ क्रमांकाच्या लेण्यातील सर्वांत ठळक कथाचित्रांपैकी एक विश्वंतर जातकाचे आहे. कोणी काही मागितले तर नाही म्हणायचे नाही, असे व्रत घेतलेला हा राजपुत्र. तो राज्याचा पांढरा हत्ती दान देतो, त्यामुळे वनवासात जातो, रथ देतो, घोडे देतो. आणि एक दिवस पत्नी माद्री घरी नसताना, मागायला आलेल्या म्हाताऱ्या याचकाला आपली दोन्ही मुले देऊन टाकतो. तो याचक त्या मुलांना वेलींनी बांधून, मारत घेऊन जातो. शेवटी आजोबा त्यांना सोडवतात, सारे पुन्हा एकत्र येतात. पण सात वर्षांची मुलगी शेवटापर्यंत थांबत नाही. ती मध्येच विचारते, “बाबांनी मुलांना का दिले?” आणि त्यानंतरचा प्रश्न ती मनातच ठेवते: माझे बाबा देतील का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हरिश्चंद्राने तारामतीला आणि रोहिदासाला विकले, हे ऐकतानाही पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या पोटात गोळा आला आहे. दानाची परिसीमा दाखवण्यासाठी कथाकाराने मुलांना पणाला लावले, हे मोठ्या माणसाला समजते. मुलाला मात्र त्या दोन भावंडांचे रडणेच ऐकू येते. त्याचे ऐकणे चुकीचे म्हणता येईल काय? म्हणून पालकाने ही कथा आधी वाचावी, रात्री एकट्याने वाचावी आणि आपल्या मुलाचे मन कसे आहे ते पाहून ठरवावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती जरूर सांगावी आणि वाद घालू द्यावा. लहान मुलाला तिच्याऐवजी मातृपोषकाची गोष्ट सांगावी. आंधळ्या आईपासून पकडून आणलेला पांढरा हत्ती राजाच्या हत्तीखान्यात चाऱ्याला तोंड लावत नाही, राजा कारण विचारतो आणि त्याला सोडून देतो. तीही त्याच लेण्यात आहे. संस्कारकथा म्हटली की ती डोळे मिटून मुलांपुढे वाढावी, अशी एक समजूत आपल्या घरांत आहे. ज्याने न वाचता पुस्तक दिले, त्याने अर्धेच दिले.

थोड्या मोठ्या मुलांसाठी १० क्रमांकाच्या लेण्यात आणखी एक गोष्ट आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने आपले नाव व तारीख तेथील खांबावर कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात मातीचा ढिगारा साचलेला होता, म्हणून आज ते अक्षर माणसाच्या डोक्याहून वर दिसते. पुस्तकात ‘शोध लावला’ असे शब्द आले, तर थांबून मुलांना विचारावे, की आसपासच्या माणसांना ती दरी ठाऊक नव्हती काय? आणि रंगीत चित्रावर नाव कोरणाऱ्याला काय म्हणावे, हे मुलांनीच ठरवावे.

वेरूळचा रस्ता निराळा, पुस्तकही निराळे. कैलास लेण्याच्या दक्षिणेकडील भिंतीवर रामायणाचे आणि उत्तरेकडील भिंतीवर महाभारताचे प्रसंग ओळींनी कोरलेले आहेत. त्यांत कृष्णाच्या बाललीलाही आहेत. चित्रकथा वाचण्याची सवय असलेल्या मुलाला ती रचना परकी वाटत नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ काही घरांत अद्याप जपून ठेवलेल्या असतील, त्या अशा वेळी बाहेर काढाव्यात. रावण कैलास पर्वत हलवतो, पार्वती घाबरते आणि शिव नुसत्या पायाच्या दाबाने पर्वत स्थिर करतो, एवढी एक कथा नीट ऐकलेली असली, तरी त्या भव्य शिल्पासमोर मूल आपणहून थांबते.

पण वेरूळच्या बाबतीत खरा खजिना आहे तो कोकसाच्या दंतकथेत. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात ती येते. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, की राजा बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता मंदिर बांधून कळस चढायला तर वर्षे लागणार! सारे कारागीर हताश झाले. तेव्हा पैठणचा कोकसा म्हणाला, कळस आठ दिवसांत दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली. आधी कळस, मग बाकीचे देऊळ.

कैलास खरोखरच वरून खाली कोरत आणलेले आहे. म्हणजे गोष्टीने बांधकामाचे रहस्य सांगितले. मात्र ते देऊळ राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील, असे इतिहास ताम्रपटाच्या आधारे सांगतो. राणीचा नवस हा लोकांच्या कल्पनेचा भाग. मुलाला दोन्ही सांगावे आणि कोणते कोठून आले, तेही सांगावे. ‘हे लोक सांगत आले आहेत’ आणि ‘हे कोरलेले सापडले आहे’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवायला जे मूल दहाव्या वर्षी शिकते, त्याला पुढे गडकोटांच्या कादंबऱ्या वाचताना आणि प्रत्यक्ष इतिहास वाचताना गल्लत होत नाही. आपल्या वाचनात ही गल्लत फार आहे, मोठ्यांच्याही.

पैठणला जाणाऱ्यांनी नाथांच्या चरित्रातील काशीच्या कावडीचा प्रसंग वाचावा, हे सांगायला नको. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला गंगाजल पाजणारे एकनाथ मुलांना चटकन आवडतात. ‘भारत-भारती’ मालिकेतील छोटी चरित्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी तीही चाळावीत. पण पैठणची आणखी एक गोष्ट सहसा कोणी मुलांना सांगत नाही. ‘कथासरित्सागरा’त ती आहे. सातवाहन राजा जलक्रीडा करीत असताना राणी म्हणाली, “मोदकैः”. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, म्हणजे ‘पाणी उडवू नका’. राजाचे संस्कृत कच्चे. त्याने ताटभर मोदक मागवले! राणी हसली, राजा लाजला आणि त्याने संस्कृत शिकायचे ठरवले. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्य पैज हरला, ती भाषा सोडून अरण्यात गेला आणि पैशाची भाषेत त्याने प्रचंड कथाग्रंथ रचला. राजाने तो तुच्छ लेखला, तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. हरणे चरायचे विसरली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत सात लाख श्लोकांतील एकच लाख उरले होते.

संधिविग्रह शिकवताना कंटाळलेल्या शिक्षकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि पैठणच्या घाटावर उभे राहिल्यावर मुलाला एवढेच विचारावे, की पाणी उडवू का?

आता वाचायचे कसे? येथे एक अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. हर्सूल, जटवाडा, सावंगी या भागांत नव्या वसाहती झाल्या, तशा इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बसही दारापर्यंत आल्या. अनेक घरांतील मुले मराठी उत्तम बोलतात, पण मराठी पान समोर आले की अडखळतात. अशा मुलाच्या हाती पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा अभ्यासाला बसवणे. त्याला वाचून दाखवावे. ऐकलेले मराठी त्याला पूर्ण कळते. डोळ्यांना जे जड जाते ते कानांना जात नाही. दोन-चार दिवसांनी तो पुस्तकात डोकावू लागतो, पुढे काय झाले ते शोधतो. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’च्या भागांत चित्रे आणि उतारे शेजारी शेजारी आहेत, अशा डोकावणाऱ्या मुलासाठी ते फार उपयोगी पडतात.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे हर्सूलच्या कारागृहाच्या भिंतीवरून रोज जाणाऱ्या मुलांना सांगितले, तर त्यांना तुरुंगाविषयीही काही नवे कळेल. त्या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत, अशा बेचाळीस रात्री. रोज जेवणे आटोपली, की एक आठवण. सहलीआधीचे वाचन असेच असावे. निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस, रात्री दिवा मालवण्याआधी वीस मिनिटे. दूरदर्शन संच बंद आणि भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत. वडिलांचाही.

गाडीत पुस्तक उघडू नये. चालत्या गाडीत अक्षरांवर नजर लावली, की डोळे सांगतात शरीर स्थिर आहे आणि कान सांगतात ते हलते आहे. या भांडणात पोट ढवळते. अजिंठ्याच्या घाटात तर हमखास. गाडीत सांगावे आणि सांगायला लावावे. मुक्कामासाठी मात्र एखादे निव्वळ मजेचे पुस्तक बरोबर असू द्यावे. त्याचा सहलीशी काहीएक संबंध नसला तरी चालेल. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ असो वा भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, खोलीतील दिवा लवकर मालवला जात नाही. सारेच उपयोगाचे वाचायचे म्हटले, तर मूल पुस्तकापासून दूर पळेल.

आता आरंभीच्या घरी पुन्हा जाऊ. आजी गुडघ्यांमुळे सहलीला आलेली नाही; अजिंठ्याच्या पायऱ्या तिला झेपत नाहीत. पण निघण्यापूर्वीच्या आठ रात्री ती पलंगावर बसून ऐकत होती आणि श्रावणाची गोष्ट तर तिनेच सांगितली होती. समजा, सायंकाळी गाडी हर्सूलला परतली. पाय धुण्याआधीच मुलगा तिच्याजवळ जाऊन बसतो आणि सांगू लागतो, की अंधार होता, मागून ढकलत होते, तरी वानर सापडले आणि श्यामही सापडला.

“आमचा श्रावण तर गेला रे,” आजी म्हणते.

“आजी, तिथला उठतो,” मुलगा म्हणतो. “तू पुन्हा सांगशील तेव्हा तुझाही उठव ना.”